ट्रकचालकांची नोंदवही (रात्रीची वाहतूक)

ट्रकचालकाची नोंदवही म्हणजे मालवाहू वाहनाचा प्रवास, त्याची वेळ, अंतर, इंधन आणि चालकाचे कामाचे व विश्रांतीचे तास ज्यात लिहिले जातात ती वही किंवा तक्ता. बोलीत तिला लॉगबुक, ट्रिपशीट किंवा नुसतेच 'डायरी' म्हणतात. दिवसाच्या प्रवासात ही नोंद सरळ असते. रात्रीच्या प्रवासात मात्र मध्यरात्री तारीख बदलते आणि एकाच कामाचे दोन दिवस होतात. त्यामुळे रात्रीचे तास कोणत्या दिवसाच्या खात्यावर धरायचे, हा या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील वाहतुकीच्या संदर्भात या नोंदवहीचा परिचय दिला आहे.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. गडचिरोलीचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाबरोबर कोळसा, चुनखडी आणि त्यांवर उभे राहिलेले उद्योग आहेत. घुग्घुस, सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर येथील कोळसा खाणी, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही व घुग्घुस येथील सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि तेथीलच सागवानाचे आगार, चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र ही या भागातील ट्रक वाहतुकीची जुनी ठिकाणे होत. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजामुळे अलीकडे आलापल्ली–आष्टी मार्गावरील अवजड वाहतूक फार वाढली. उन्हाळ्यात तेंदूपाने व बांबू, पावसाळ्यानंतर धान, आणि वर्षभर सिमेंट व कोळसा असा हा माल असतो.

या वाहतुकीचा मोठा भाग रात्री चालतो. दिवसा शहरांतून अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते. उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान देशातील सर्वाधिक तापमानांत गणले जाते, त्यामुळे टायर व माणूस दोघांनाही रात्र बरी वाटते. शिवाय माल सकाळी बाजारात किंवा कारखान्याच्या दारात पोहोचावा ही मालकाची इच्छा असते. जंगलातील रस्त्यावर मात्र रात्रीचे धोके निराळे आहेत. दिवे नाहीत, रानडुक्कर, चितळ व अस्वले रस्ता ओलांडतात, मोकाट गुरे डांबरावर बसलेली असतात, आणि बंद पडलेला ट्रक मागचे दिवे न लावता वळणावर उभा असतो. मोबाईलचे जाळे अनेक ठिकाणी मिळत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि वाहने जिथल्या तिथे थांबतात. सशस्त्र हिंसाचाराचा इतिहासही विसरता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागड येथे माओवाद्यांनी खनिज वाहतुकीची अनेक वाहने जाळली होती. अशा भागात चालकाने रात्री कुठे थांबावे आणि थांबलेला वेळ कसा लिहावा, हा नुसता कागदोपत्री प्रश्न राहत नाही.

नोंदवहीचे प्रकार

व्यवहारात एकच नोंदवही नसते. खाणीच्या आत चालणाऱ्या टिपर व डंपरवर पाळीनिहाय तक्ता असतो. त्यात खेपांची संख्या, गाडीचे तास, डिझेल व गाडीतील दोष लिहितात. खाणीच्या हद्दीतील कामाला नोव्हेंबर २०२५ पर्यंत खाण अधिनियम, १९५२ लागू होता आणि त्यावर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते. खाणीच्या फाटकाबाहेर पडताच ट्रक मोटार वाहनविषयक कायद्यांच्या कक्षेत येतो. एकाच रात्री एकच चालक दोन्हीकडे काम करू शकतो, पण त्याचे तास दोन वेगळ्या कागदांवर पडतात व त्यांची बेरीज सहसा कोणी करत नाही.

शासकीय वाहनांची नोंदवही सर्वांत शिस्तशीर असते. निघण्याची वेळ, ठिकाण, कामाचे कारण, किलोमीटरचा आरंभीचा व अखेरचा आकडा, इंधन आणि प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी असे तिचे रकाने ठरलेले आहेत. निवडणुकीसाठी अधिग्रहित केलेल्या खाजगी वाहनांनाही अशीच वही दिली जाते व भाड्याचा हिशेब तिच्यावरून होतो. मात्र या वहीतही चालक किती तास जागा होता याचा रकाना नसतो.

खाजगी वाहतूकदाराची ट्रिपशीट मुख्यतः हिशेबाची असते. आगाऊ दिलेली रक्कम, डिझेल, टोल, हमाली, जेवणाचा भत्ता, पंक्चरचा खर्च आणि उरलेले पैसे तिच्यात येतात. तिच्यासोबत बिल्टी, वजनकाट्याची पावती आणि ई-वे बिल असते. वनोपज असेल तर वनविभागाचा वाहतूक परवाना, म्हणजे बोलीतील 'टीपी', लागतो. लाकडावरील हातोड्याच्या खुणा आणि परवान्यातील नोंद यांचा मेळ वनतपासणी नाक्यावर पाहिला जातो. एप्रिल २०११ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला आपल्या बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला. तेव्हापासून गडचिरोलीत वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांचे परवानेही ट्रकच्या कागदांत दिसू लागले.

कामाच्या तासांचा कायदा

भारतात चालकांच्या तासांवर पहिली स्पष्ट मर्यादा मोटार वाहन अधिनियम, १९३९ ने घातली: विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नाही, दिवसाला नऊ तास, आठवड्याला ५४ तास. पुढे मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ आला. त्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे ४८ तास ठरवले. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी ही मर्यादा दिवसाला दहा व आठवड्याला ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती, विश्रांती धरून कामाचा एकूण विस्तार बारा तासांपेक्षा जास्त नाही, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची सुटी, अशी त्याची रचना होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना हा कायदा लागू होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने मात्र वाहतूक वाहन चालवणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला हेच तास लागू केले. ठरवलेल्या तासांची नोंद ठेवण्याची सक्ती करण्याचा अधिकारही त्याच कलमाने राज्य शासनाला दिला. एका-दोन ट्रकांच्या मालकांची संख्या या भागात मोठी असल्याने हे कलम महत्त्वाचे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली व १९६१ चा अधिनियम तिच्यात विलीन झाला. आठ तासांचा दिवस व रात्रपाळीच्या मोजणीचे तत्त्व संहितेत कायम आहे, परंतु मोटार वाहतूक उपक्रमासाठी कामगारसंख्येची अट पाचवरून दहावर गेली आहे. लहान वाहतूकदारांचे चालक त्यामुळे आणखी दूर राहिले, असे म्हणण्यास जागा आहे.

कामाचे तास म्हणजे काय, याची व्याख्याही लक्षात घेण्यासारखी आहे. १९६१ च्या अधिनियमानुसार त्यात तीन गोष्टी येतात: वाहन धावत असतानाचे काम, पूरक काम, आणि थांब्यावरील पंधरा मिनिटांहून कमी काळाची नुसती हजेरी. पूरक कामात हिशेब देणे, वाहन ताब्यात घेणे व आगारात लावणे, दुरुस्ती, माल चढवणे-उतरवणे यांचा समावेश होतो. रजिस्टरवर स्वाक्षरी करणेही पूरक काम आहे. म्हणजे नोंदवही भरण्यात गेलेला वेळसुद्धा कायद्याने कामाचाच आहे, ही गोष्ट फारच थोड्या चालकांना ठाऊक असते. उलट, खाणीच्या काट्यावर किंवा सिमेंट कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत काढलेले तीन-चार तास पंधरा मिनिटांपेक्षा जास्त म्हणून कामातून वगळले जाण्याचा संभव असतो. त्या रांगेत दर दहा मिनिटांनी गाडी दोन हात पुढे घ्यावी लागते, म्हणून झोपही लागत नाही. व्याख्येच्या दृष्टीने ते काम नाही आणि शरीराच्या दृष्टीने ती विश्रांती नाही.

मध्यरात्र आणि दिवसाची मोजणी

कायद्यात 'दिवस' म्हणजे मध्यरात्रीपासून सुरू होणारे चोवीस तास. परंतु त्याला एक परंतुक जोडलेले आहे. काम मध्यरात्रीपूर्वी सुरू होऊन मध्यरात्रीनंतरही चालू राहिले, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस काम संपल्याच्या क्षणापासून मोजायचा.

उदाहरणादाखल गडचांदूरहून सिमेंट घेऊन राजुरा, बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या मार्गाने सिरोंच्याला जाणारा एक कल्पित ट्रक घेऊ. चालक सोमवारी रात्री आठ वाजता कामावर हजर होतो. कागद घेणे, माल चढवणे, टायर व ब्रेक पाहणे यांत एक तास जातो आणि नऊला गाडी निघते. वैनगंगा ओलांडून आष्टीला तो सव्वाबाराला पोहोचतो व अर्धा तास थांबतो. पुढे आलापल्लीवरून जिमलगट्ट्याला पहाटे चार ते साडेचार पुन्हा विश्रांती घेतो. सिरोंच्याला सकाळी सात वाजता काम संपते. एकूण अकरा तास, त्यांतून विश्रांतीचा एक तास वजा जाता दहा तास काम झाले.

अशा प्रवासाची योग्य नोंद पुढीलप्रमाणे होते. वरच्या ओळीत सोमवारची तारीख, वाहन क्रमांक, चालकाचे नाव व परवाना क्रमांक, मालाचे वजन आणि किलोमीटरचा आरंभीचा आकडा लिहावा. कामावर हजर झाल्याची वेळ व गाडी निघाल्याची वेळ वेगवेगळी लिहावी, कारण पहिली वेळ कामाचे तास मोजण्यासाठी आणि दुसरी धावण्याचा काळ मोजण्यासाठी लागते. प्रत्येक थांब्याला गावाचे नाव, पोहोचण्याची व निघण्याची वेळ, कारण आणि किलोमीटरचा आकडा द्यावा. 'ढाबा' किंवा 'रस्त्यात' अशी नोंद उपयोगाची नसते. मध्यरात्री नवे पान उघडू नये. त्याच पानावर तारीख बदलल्याची खूण करून वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे पुढे लिहावी. ०२.३० असे लिहिले म्हणजे ती दुपार की रात्र हा वाद उद्भवत नाही. काम संपल्यावर अखेरचा आकडा, एकूण तास आणि स्वाक्षरी करून पान बंद करावे.

या नोंदीनुसार दहाही तास सोमवारच्या खात्यावर पडतात. लांब पल्ल्याची कमाल मर्यादा तेथेच संपते. मंगळवारी सकाळी सातपासून नऊ तास, म्हणजे दुपारी चारपर्यंत, त्या चालकाला पुन्हा स्टिअरिंगवर बसवता येत नाही. हीच नोंद मध्यरात्री तोडून दोन पानांवर केली तर सोमवारी चार तास व मंगळवारी सहा तास असे दिसते. कागदावर दोन्ही दिवस निर्दोष ठरतात आणि मंगळवारचे चार तास शिल्लक उरतात. माणूस तर रात्रभर जागलेला असतो. रात्रीच्या नोंदवहीतील बहुतेक गैरप्रकारांना आकडे खोटे लिहावेच लागत नाहीत, नुसती तारीख बदलली तरी पुरते.

दोन चालक

रात्रीच्या लांब प्रवासावरचा पारंपरिक उपाय म्हणजे दुसरा चालक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये राष्ट्रीय परवान्याच्या वाहनावर किमान दोन चालक आणि दुसऱ्याला आडवे होता येईल असे आसन असावे, अशी अट होती. इ.स. २०१८ च्या दुरुस्तीने दोन चालकांची सक्ती काढून टाकण्यात आली. प्रत्यक्षात त्यापूर्वीही दुसरा चालक अनेकदा कागदावरच असे व गाडीत क्लीनर असे. दोन चालक खरोखर असतील तेव्हा अदलाबदलीची वेळ, ठिकाण आणि किलोमीटरचा आकडा दोघांच्या स्वाक्षरीने लिहिणे आवश्यक असते. नाहीतर अपघाताच्या क्षणी गाडी कोणाच्या हातात होती हे ठरवता येत नाही. क्लीनरच्या हाती गाडी देऊन चालक झोपल्यास नोंदवहीत नाव चालकाचेच राहते. हा प्रकार विम्याच्या दाव्यात दोघांच्याही मुळावर येतो.

मालाचे घड्याळ

चालकाच्या तासांची नोंद ढिली असली तरी मालाच्या तासांची नोंद अत्यंत काटेकोर असते. आंतरराज्य वाहतुकीसाठी एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ई-वे बिलाची मुदत अंतरावर अवलंबून आहे. सुरुवातीला दर १०० किलोमीटरला एक दिवस मिळत असे. १ जानेवारी २०२१ पासून सामान्य मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. ही मुदतही मध्यरात्रीलाच संपते. मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांत ती वाढवून घेता येते, परंतु त्यासाठी संगणकावर कारण भरावे लागते व ते काम मालकाच्या कार्यालयातून होते. जंगलात मोबाईल लागत नसलेला चालक मुदत वाढवून घेण्यापेक्षा गाडी हाकणे पसंत करतो. वनोपजाच्या व गौण खनिजाच्या परवान्यांनाही मुदत असते.

टोलनाक्यावरील फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सर्वत्र सक्तीचा झाला. वाहनावरील जीपीएस यंत्र मालकाला गाडी कुठे उभी आहे ते दाखवते. वजनकाट्याच्या पावतीवर मिनिटापर्यंत वेळ छापलेली असते. थोडक्यात, चालकाने काहीही लिहिले नाही तरी गाडीची हालचाल तीन-चार ठिकाणी आपोआप नोंदली जाते. ही सर्व साधने गाडी थांबली की मालकाला सूचना देतात. चालकाने थांबायला हवे होते आणि तो थांबला नाही, अशी सूचना त्यांतील कोणतेही देत नाही.

नोंद कोण लिहितो

अवजड वाहनाच्या चालकाला पूर्वी किमान आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती इ.स. २०१९ मध्ये रद्द झाली. या दोन जिल्ह्यांतील चालकांत मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी व माडिया बोलणारे सर्व असतात, तर छापील तक्त्याचे रकाने बहुधा इंग्रजीत असतात. त्यामुळे नोंद पुष्कळदा खेप संपल्यावर वाहतूकदाराचा मुनीम लिहितो व चालक सही किंवा अंगठा करतो. मुनीमासमोर डिझेलचा हिशेब असतो, म्हणून तो किलोमीटरवरून वेळ मागे मोजत जातो. अशा वहीत सर्व थांबे अर्ध्या तासाचे, सर्व वेळा पूर्ण किंवा अर्ध्या तासाच्या आणि शाई एकाच पेनाची असते. तपासणाऱ्याला हे एका दृष्टीत कळते.

खेपेवर मोबदला हे याच्या मुळाशी असलेले कारण होय. जेथे पगार तासावर किंवा महिन्यावर असतो तेथे चालक तास खरे लिहितो. जेथे खेपेमागे पैसे मिळतात तेथे विश्रांतीचा प्रत्येक तास त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. चालकाला दोष देण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

अपघात व भरपाई

पहाटे दोन ते पाच या काळात शरीराची झोपेची ओढ सर्वांत प्रबळ असते आणि लक्ष मंदावते. या वेळेत झोपेमुळे झालेल्या अपघाताचे कारण पंचनाम्यात बहुधा 'वाहनावरील नियंत्रण सुटल्याने' असे लिहिले जाते. चालक किती तास जागा होता हे पंचनाम्यात येत नाही. ते समजण्याचे साधन नोंदवही हेच असते.

चालक दगावला तर नोंदवहीचे महत्त्व आणखी वाढते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ अन्वये वारसांना भरपाई मिळण्यासाठी मृत्यू नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात झाला हे दाखवावे लागत असे. गाडी रस्त्याकडेला उभी असताना मृत्यू झाला असेल तर तो कामावर होता की नव्हता असा वाद निघतो. अशा एका प्रकरणात दिल्लीहून अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर ट्रक चालवत आलेल्या चालकाने प्रकृती बिघडल्याने झारखंडमध्ये गाडी बाजूला घेतली होती आणि नंतर त्याचा मृत्यू झाला. उच्च न्यायालयाने नैसर्गिक मृत्यू म्हणून नाकारलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये मंजूर केली. इतक्या दीर्घ प्रवासाचा ताण हा नोकरीचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. सर्व कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणे शक्य नसते. कामावर हजर झाल्याची वेळ आणि थांब्यांच्या वेळा त्याच रात्री, चालकाच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या असतील तर खालच्या पातळीवरच दावा उभा राहण्याची शक्यता वाढते. यासाठी अनुभवी चालक मालकाच्या ट्रिपशीटखेरीज आपली स्वतंत्र खिशातली वही ठेवतात, किंवा थांब्यावर किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घेऊन घरी पाठवतात.

इतर देशांतील पद्धती

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या इ.स. १९७९ च्या १५३ क्रमांकाच्या करारात चालकाजवळ वैयक्तिक नियंत्रण पुस्तिका असावी अशी तरतूद आहे. त्यात चार तासांनंतर विश्रांती, दिवसाला नऊ तास चालन आणि चोवीस तासांत सलग दहा तास सुटी सांगितली आहे. भारताने हा करार मान्य केलेला नाही. अमेरिकेत चोवीस तासांचा आलेख असलेला तक्ता अनेक दशके वापरात होता. त्यात कामावर नाही, गाडीतील शय्येवर, चालवत आहे, आणि कामावर पण चालवत नाही, अशा चार आडव्या ओळी असत व चालक पेनाने त्यांवर रेघ ओढत जाई. डिसेंबर २०१७ पासून तेथे या कागदाची जागा इंजिनाला जोडलेल्या विद्युत उपकरणाने घेतली. युरोपीय संघात टॅकोग्राफ हे यंत्र वेग व वेळ नोंदवते, आणि साडेचार तासांच्या चालनानंतर पाऊण तासाची विश्रांती बंधनकारक आहे. अमेरिकी तक्त्यातील चौथी ओळ विशेष लक्षणीय आहे, कारण काट्यावरील रांगेसारखा वेळ तिच्यात मांडता येतो.

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये व्यावसायिक ट्रकचालकांचे तास वैमानिकांप्रमाणे निश्चित करावेत आणि वाहनात झोप ओळखणारे संवेदक बसवावेत, असा आग्रह धरला होता. नव्या ट्रकांच्या चालककक्षात वातानुकूलनाची सक्ती ऑक्टोबर २०२५ पासून झाली आहे. रात्रभर गाडी चालवून दिवसा चंद्रपूरच्या उन्हात त्याच कक्षात झोपणाऱ्या चालकाला तिचा लाभ व्हावा, परंतु गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवण्यासाठी लागणारे डिझेल ट्रिपशीटमध्ये कोणाच्या नावे लिहायचे, हे अजून ज्याच्या त्याच्या मालकावर अवलंबून आहे.